ना माणसाला अडवलं, ना पाण्याला

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत ह्यूस्टन सहसा नसतंच. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, जमलं तर वेगस आणि ग्रँड कॅन्यन. ह्यूस्टनला माणूस येतो तो इथे लेक-जावई राहतात म्हणून, नाहीतर घरातल्या कुणाचे तरी कॅन्सरचे उपचार इथल्या मेडिकल सेंटरमध्ये चालू असतात म्हणून. नासाचं केंद्र एका दिवसात बघून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आत्या विचारते, "आज काय दाखवतेस गं?" मी म्हणते, "गाडीत बसा, एक रस्ता दाखवते."

तो रस्ता म्हणजे बेलेअर बुलेव्हार्ड. तिथून डोंगर दिसत नाही, समुद्र दिसत नाही, जुना किल्ला किंवा भव्य चौकही नाही. सपाट जमीन, दुतर्फा दुकानांच्या रांगा आणि त्यांच्यापुढे पार्किंग. पण हे शहर ज्या कारणाने मला आपलं वाटतं, ते कारण या रस्त्यावर जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

६१० नंबरच्या वर्तुळाकार हायवेपासून पश्चिमेला निघालं की आधी बेलेअर नावाचं छोटं स्वतंत्र गाव लागतं. ओकची डेरेदार झाडं, नीट कापलेली हिरवळ, ऐसपैस घरं. मैल-दोन मैलांत चित्र पालटतं. विटांच्या दुमजली अपार्टमेंटच्या रांगाच्या रांगा सुरू होतात. उजव्या हाताचा हा भाग गल्फटन. पाट्या स्पॅनिशमध्ये. रस्त्याकडेला तिखट-लिंबू लावलेला आंबा आणि मक्याची कणसं विकणाऱ्या हातगाड्या. एल साल्वादोरच्या बायका तव्यावर पुपुसा थापत असतात. मक्याच्या पिठाची जाड भाकरी, आत चीजचं नाहीतर वाटलेल्या राजम्याचं सारण. आत्याने ती खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.

पुढे हिलक्रॉफ्टला उजवीकडे वळलं की साड्यांची आणि सोन्याची दुकानं, चाट, मिठाई, पान, पाकिस्तानी कबाब, इराणी वाणसामान. या भागाला २०१० साली महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं अधिकृत नाव मिळालं. परत बेलेअरवर येऊन पश्चिमेला चालत राहिलं की पाट्या चिनी होतात आणि बेल्टवे हा बाहेरचा वर्तुळाकार हायवे ओलांडल्यावर व्हिएतनामी. दंतवैद्य, वकील, कर सल्लागार, हळदी-कुंकवाला घालाव्यात तशा रेशमी पोशाखांची दुकानं, देवळं, चर्च. एका रस्त्यावर, एका दुपारी, तीन-चार खंड.

हे आपोआप झालं नाही. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चढले तेव्हा देशभरातून तरुण पोरं इथे नोकरीला आली. त्यांच्यासाठी गल्फटनमध्ये पोहण्याचे तलाव असलेली हजारो अपार्टमेंट उभी राहिली. ऐंशीच्या दशकात तेल बसलं. १९८६मध्ये तर भाव निम्म्याहूनही खाली आला. नोकऱ्या गेल्या, पोरं गेली, इमारती ओस पडल्या. मालकांना भाडेकरू हवे होते आणि त्याच वर्षांत एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवी युद्धांतून जीव वाचवून माणसं येत होती. भाडी उतरली, स्पॅनिश पाट्या लागल्या, दारं उघडली. दुकानांचे गाळेही स्वस्त झाले आणि आपल्या लोकांना भांडवल थोडं असतानाही हिलक्रॉफ्टवर पाय रोवता आले. व्हिएतनामी लोक १९७५ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडल्यानंतर आले होते. गल्फ किनाऱ्यावरची उष्ण, दमट हवा आणि कोळंबीची मासेमारी त्यांच्या ओळखीची होती. टेक्सस सदर्न विद्यापीठात शिकायला आलेले नायजेरियन विद्यार्थी इथेच राहिले. लागोसहून १९८०मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात आलेल्या हकीम ओलाजुवानने तर १९९४ आणि १९९५ला शहराच्या बास्केटबॉल संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं.

आज शहराच्या हद्दीत साधारण २३ लाख लोक राहतात. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो यांच्या खालोखाल हे देशातलं चौथं मोठं शहर. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक, चाळीस टक्क्यांहून जास्त, गोरे आणि कृष्णवर्णीय प्रत्येकी पावभराच्या आसपास, शिवाय आशियाई. चारातला एक माणूस तरी परदेशात जन्मलेला. बहुसंख्य म्हणावं असं इथे कुणीच नाही, आणि रोजच्या जगण्यात ते जाणवतं. माझ्या उच्चारांकडे कुणी वळून बघत नाही. रांगेत माझ्या पुढच्याचेही उच्चार वेगळे असतात आणि काउंटरवरच्या बाईचेही.

आणखी एक कारण आहे, ते जरा कोरडं पण फार महत्त्वाचं. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने हे कायद्याने ठरलेलं असतं. त्याला झोनिंग म्हणतात. ह्यूस्टनच्या मतदारांनी ते १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा नाकारलं. त्यामुळे इथे बंगल्याला खेटून वीस मजली इमारत असते, टायरच्या दुकानाशेजारी प्रार्थनाघर असतं. घरांच्या किमती इतर महानगरांच्या मानाने आवाक्यात राहिल्या, त्यालाही हा मोकळेपणा कारणीभूत आहे. कमी पगाराच्या माणसाला इथे पाय टेकायला जागा मिळते. मी या मोकळेपणाची लाभार्थी आहे आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

त्या कृतज्ञतेला चवही आहे. फेब्रुवारी ते मे या काळात बेलेअरच्या व्हिएतनामी हॉटेलांत क्रॉफिश मिळतात. गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा, लाल कवचाचा हा जीव मूळ लुइझियानाच्या फ्रेंच वंशाच्या लोकांच्या खाण्यातला. ते तो मसाल्याच्या पाण्यात उकडतात. व्हिएतनामी लोकांनी उकडलेला क्रॉफिश पुन्हा लसूण, लोणी, संत्रं आणि गवती चहाच्या रसात घोळवला. टेबलावर कागद अंथरतात, मधोमध वाफाळती पिशवी ठेवतात, हाताला प्लॅस्टिकचे मोजे. डोकं पिळून वेगळं करायचं, चोखायचं, मग शेपटीचं कवच सोलायचं. मी रत्नागिरीची, कोळंबीची डोकी फेकून देणारी माणसं मला कधी समजलीच नाहीत. पहिल्यांदा तिथे बसले तेव्हा शेजारच्या टेबलावर एक कृष्णवर्णीय आजी नातवाला डोकं कसं चोखायचं ते शिकवत होत्या. मालकाने मला मीठ-मिरपूड-लिंबाची वाटी आणून दिली, खुणेनेच सांगितलं की यात बुडव. लसणाचा वास दोन दिवस बोटांना होता.

आता दुसरी बाजू. पाहुण्यांना मी हीही दाखवते आणि त्यासाठी शहराच्या पूर्वेला जावं लागतं.

आधी थोडं मागे. १८३६मध्ये ऑगस्टस आणि जॉन अ‍ॅलन या दोन भावांनी बफेलो बायूच्या काठची जमीन विकत घेतली. बायू म्हणजे संथ, गढूळ पाण्याचा ओढा. शहरभर त्यांचं जाळं आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात त्यांनी जाहिरात दिली, त्यात समुद्रवाऱ्याची आणि निरोगी हवेची ग्वाही होती. प्रत्यक्षात जागा दलदलीची होती. जॉन अ‍ॅलन स्वतः दोन वर्षांत तापाने गेला आणि १८३९ला पीतज्वराने अनेक बळी घेतले. तरी गाव टिकलं. किनाऱ्यावरचं गॅल्व्हस्टन तेव्हा खरं मोठं बंदर होतं. १९००च्या सप्टेंबरमध्ये चक्रीवादळाने ते उद्ध्वस्त केलं. सहा हजारांहून जास्त माणसं मेली, अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती. पुढच्याच वर्षी बोमाँटजवळ स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उसळला. व्यापाराला आतल्या बाजूचं, सुरक्षित बंदर हवं होतं. बायू खोदून रुंद केला आणि १९१४मध्ये जहाजं थेट ह्यूस्टनपर्यंत यायला लागली.

त्या कालव्याच्या दोन्ही काठांवर आज तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने मैलोन् मैल पसरले आहेत. बंदर खात्याची 'सॅम ह्यूस्टन' नावाची बोट कित्येक वर्षं लोकांना मोफत फिरवायची. डेकवर उभं राहिलं की प्रचंड टाक्या, नळ्यांचं जंगल, ज्वाला आणि नाकाला झोंबणारा वास. मँचेस्टर नावाची वस्ती या कारखान्यांच्या कुंपणाला लागून आहे. बहुतेक लॅटिनो कुटुंबं, छोटी लाकडी घरं, अंगणात सायकली. मुलं खेळतात त्या हार्टमन पार्कमधून टाक्या दिसतात.

मोकळेपणाचं गणित मला इथे कळलं. झोनिंग नाही याचा अर्थ नियम नाहीत असा नाही. श्रीमंत वसाहतींच्या खरेदीखतांतच अटी असतात: इथे फक्त घरच बांधायचं, दुकान नाही, कारखाना नाही. त्या अटी मोडल्या तर खुद्द महापालिका कोर्टात उभी राहते. ज्या वस्त्यांत अशा अटी नव्हत्या किंवा मुदत संपून गेल्या, तिथे शेजारी काय येईल ते नशिबावर. १९७९मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलर्ड यांनी शहरातल्या कचराभूमींची मोजणी केली. त्यांच्या पत्नी लिंडा मॅकीव्हर बुलर्ड वकील होत्या, एका कृष्णवर्णीय वस्तीच्या बाजूने कचराभूमीविरुद्ध खटला लढत होत्या, त्यासाठी आकडे हवे होते. निघालं असं: महापालिकेच्या पाचच्या पाच कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांत आणि कचरा जाळायच्या आठ भट्ट्यांपैकी सहा त्याच वस्त्यांत. तेव्हा शहरात कृष्णवर्णीय लोक चतुर्थांशच होते. खटला ते हरले. पण पर्यावरणाचा न्याय नावाची जी चळवळ आज जगभर चालते, तिच्या पायात ह्यूस्टनचे हे आकडे आहेत.

आणि ही कृष्णवर्णीय माणसंच या शहराची सर्वांत जुनी घडवणारी. १९ जून १८६५ला गॅल्व्हस्टनला गुलामगिरी संपल्याचा हुकूम वाचला गेला आणि मुक्त झालेले लोक चालत ह्यूस्टनला आले. फोर्थ वॉर्डात त्यांनी फ्रीडमन्स टाउन वसवलं, स्वतःच्या हातांनी रस्त्यांना विटा बसवल्या. १८७२मध्ये त्यांच्यापैकी काहींनी पैसे जमवून दहा एकर जमीन विकत घेतली, मुक्तीचा वाढदिवस साजरा करायला. तो इमॅन्सिपेशन पार्क आजही आहे. फ्रीडमन्स टाउनच्या अंगावरून मात्र पुढे हायवे गेला.

पाण्याचा हिशेबही याच वहीत मांडावा लागतो. पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत. १९२९ आणि १९३५च्या पुरांनंतर चाळीसच्या दशकात बांधलेली. एरवी कोरडी असतात, आत झाडी, मैदानं, सायकलचे रस्ते. पाऊस आला की पाणी अडवायचं आणि हळूहळू बायूत सोडायचं, एवढंच काम. सरकारने धरणाच्या पोटातली काही जमीन घेतली, पण पाणी जिथवर चढू शकतं ती सगळी घेतली नाही. उरलेल्या जमिनीवर हजारो घरं झाली. पलीकडे केटी गावाच्या गवताळ माळांवर आणि भाताच्या खाचरांवर वसाहती पसरल्या. त्या गवताची खोल मुळं पाणी जिरवायची, काँक्रीट जिरवत नाही. शेजारच्या फोर्ट बेंड जिल्ह्यातल्या काही वसाहतींच्या नकाशावर बारीक अक्षरांत लिहिलंही होतं की ही जमीन पाण्याखाली जाऊ शकते. घर घेताना तो कागद कोण वाचतो?

ऑगस्ट २०१७मध्ये हार्वी नावाचं चक्रीवादळ आलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. हार्वीने ह्यूस्टनच्या अनेक भागांत चार-पाच दिवसांत मीटरभर पाऊस ओतला. दर दहा-पंधरा मिनिटांनी फोन किंचाळायचा: पुराचा इशारा, वावटळीचा इशारा. ब्रेज बायू काठ सोडून रस्त्यावर आला. २८ तारखेला पहाटे धरणांचे दरवाजे उघडले आणि जी घरं तोवर कोरडी होती तीही खालच्या अंगाला बुडाली. आमची गल्ली थोडी उंचावर म्हणून वाचली. मैत्रिणीचं कुटुंब मात्र मेयरलँडमध्ये. त्यांच्या भागात २०१५, २०१६ आणि आता २०१७, सलग तिसऱ्या वर्षी पूर. गुडघाभर पाण्यातून सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं ते शेजारच्या होंडुरासच्या दोघा भावांनी, जे एरवी छपरं बसवण्याचं काम करतात. लुइझियानाहून लोक स्वतःच्या मासेमारीच्या होड्या ट्रेलरवर टाकून आले. एका फर्निचरवाल्याने, जिम मॅकिंगव्हेलने, दुकानं उघडली आणि नव्याकोऱ्या गाद्यांवर लोकांना झोपवलं. शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आसऱ्याला दहा हजारांवर माणसं होती. दारात दुभाषे उभे होते. आमच्या मंडळातल्या बायकांनी खिचडीची पातेली चढवली, गणपतीचेच दिवस होते ते.

पाणी उतरल्यावरचं चित्र मला अजून जास्त आठवतं. घराघरापुढे छातीएवढे ढीग: भिजलेल्या भिंतींचे तुकडे, गालिचे, पुस्तकं, लग्नाचे अल्बम. बुरशीच्या वासाने घसा खवखवायचा. भिंती चार फुटांपर्यंत कापायला मजूर मिळत नव्हते, आणि जे मिळाले त्यांतल्या अनेकांची स्वतःची घरं अजून ओली होती. विमा असलेले काही महिन्यांत उभे राहिले. ईशान्येकडच्या गरीब वस्त्यांत वर्षं उलटली तरी छपरांवर निळी ताडपत्री दिसत होती. वर्षाने, हार्वीच्याच तारखेला, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मतदारांनी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना भरघोस मतांनी मंजुरी दिली. कर नको म्हणणाऱ्या टेक्ससमध्ये! मला त्या दिवशी या शहराचा अभिमान वाटला.

आपली मराठी मंडळी बरीचशी नैऋत्येला, शुगर लँडला राहतात. चांगल्या शाळा, तळी, गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ. गावाचं नाव पडलं ते उसाच्या मळ्यांवरून आणि साखर कारखान्यावरून. २०१८च्या फेब्रुवारीत तिथे शाळेची नवी इमारत बांधताना हाडं सापडली. खोदत गेले तशी ९५ माणसं निघाली, ९४ पुरुष आणि एक बाई, सगळी कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपल्यावरही राज्य सरकार कैद्यांना मळेवाल्यांकडे भाड्याने देत असे आणि किरकोळ गुन्ह्यांवरूनही माणूस कैदी होत असे. दलदलीत, तापात, उसाच्या पाचटात राबून मेलेली ही माणसं. तिथे थडगी आहेत हे रेजिनल्ड मूर नावाचे तुरुंगातले निवृत्त कर्मचारी कित्येक वर्षं ओरडून सांगत होते. २०१९च्या नोव्हेंबरात त्या ९५ जणांचं त्याच जागी पुन्हा दफन झालं. माझं सासर सांगलीकडचं. बीडहून आलेल्या ऊसतोड टोळ्या, कोप्यांत जन्मलेली मुलं, पहाटे तीनला फडात जाणाऱ्या बाया, हे नवऱ्याने लहानपणापासून पाहिलेलं. आम्ही दोघं तिथे गेलो तेव्हा तो कुंपणाशी बराच वेळ थांबला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "तोडणाऱ्याचं नाव कुठल्याच पोत्यावर नसतं."

आता नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं. इथे दरवर्षी मराठी मुलं येतात, तेल कंपन्यांत, हॉस्पिटलांत, विद्यापीठांत, आणि मला निरोप येतो: "ताई, घर कुठे बघू?" टेक्ससमध्ये घर विकणाऱ्याला पूर्वी पाणी शिरलं होतं का ते लेखी सांगावं लागतं, २०२२पासून भाड्याच्या घरांनाही तो नियम लागू झाला. तो कागद मागून घ्या, पुराचा नकाशा बघा, पूरक्षेत्राबाहेर असलात तरी विमा घ्या, कारण हार्वीत बुडालेल्यांपैकी कितीतरी घरं नकाशावर सुरक्षितच होती. आणि सही करण्याआधी संध्याकाळी एकदा त्या गल्लीत चालत जा. कुणीतरी गवत कापत असेल, कुणी मुलांना घेऊन बसलं असेल. हार्वीत पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना विचारा. ते तुम्हाला दाराच्या चौकटीवरची खूण दाखवतील.